बारा बांध्यांची वंशावळ

मन्सुरी मॅडमनी मला एकदाच मारलं, आणि बरोबर मारलं. हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी ही एखादी शांत, सोशिक बाई होती. शांत त्या बिलकुल नव्हत्या. वर्गात खडू फेकायच्या आणि नेम चुकायचा नाही. स्टाफरूममध्ये एक सहकारी त्यांच्या विषयाला 'किड्यांचं सोयरगोत' म्हणाला, तर त्यांनी त्याच्या चहात ड्रॉपरनं चार थेंब टाकले आणि कप पुढे सरकवला. "यात दोनशे आहेत. पी." तो कप तसाच ठेवून उठला. थेंब नळाच्या पाण्याचे होते, हे त्या बिचाऱ्याला रिटायर होईपर्यंत कोणी सांगितलं नाही.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. राहायच्या बल्लारपूरला, रेल्वे लाइनीपलीकडे, वडिलांच्या घरात. वडील पिंजारी होते, गल्लोगल्ली फिरून गाद्या भरायचे. ते गेल्यावरही कापूस पिंजायचं त्यांचं धनुष्य समोरच्या खोलीत भिंतीला टांगलेलं होतं. आलेल्या माणसाला हातात धरून पाहावंसं वाटे, आणि हात लावला की मॅडम ओरडत. मॅडमचं नाव हमीदा, पण ते कोणी घेत नव्हतं. घरात हिंदी, बाहेर आमची झाडीकडची मराठी, आणि राग आला की दोन्ही एका वाक्यात. त्यांचं एक बोलणं विद्यार्थ्यांना पाठ होतं: "कापसाचा गुंता वढून सुटत नाई. मारूनच सुटते."

त्या ज्याच्या मागे होत्या त्याला मराठीत सूत्रकृमी म्हणतात. दोऱ्याच्या कणाएवढा, डोळ्याला न दिसणारा कृमी. मातीतून तो धानाच्या मुळात शिरतो आणि तिथेच बसून रस पितो. मुळाच्या टोकाला आकड्यासारखी वाकडी गाठ येते, वरचं झाड खुरटतं, पिवळं पडतं. शेतकऱ्याला पिवळं दिसतं. गाठ दिसत नाही. जे दिसत नाही त्याला आमच्याकडे नाव द्यायची घाई असते, आणि ते नाव बहुतेक वेळा एखाद्या म्हाताऱ्या बाईचं असतं.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पत्रकं लिहायची, छापायची, सायकलवर टाकून वाटायची. करणीच्या नावावर बाया मारतात, त्याविरुद्ध आमचा गट काम करत होता. त्यासाठी वेगळा कायदा नव्हता. मारहाणीचं कलम लागलं तर लागलं, नाहीतर गावानं मिळून केलेली गोष्ट गावानंच विसरायची. अशाच एका गावची ही हकिगत. गावाचं नाव लिहीत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधलं, एवढं पुरे. माणसं अजून तिथंच राहतात.

त्या वर्षी रोवणा झाला, म्हणजे धानाची लावणी, आणि महिन्याभरात बारा बांध्यांत गोल गोल पिवळे चट्टे पडले. बांधी म्हणजे चारही बाजूंनी मातीचे बांध, म्हणजे धुरे, घातलेला धानाचा तुकडा. त्या धुऱ्यांवरून सुकरीबाई नावाची एक विधवा रोज खेकडे धरत, रानभाजी खुडत फिरायची. गावच्या पुजाऱ्यानं सुपात तांदूळ पाहिले आणि तिचं नाव काढलं. दिवसाढवळ्या, जेवणाच्या वेळेला, तिला चिंचेला बांधलं. वेताच्या काठ्यांनी मारलं. मग दगडानं पुढचे दात पाडले. दात पडले की मंत्र म्हणता येत नाही, असं मानतात. चार दात गेले, पाचवा ओठात रुतून बसला. हे मी ऐकीव सांगत नाही. तो ओठ शिवताना दवाखान्यात तिचं डोकं मी धरलं होतं.

टाके पडल्यावर ती म्हणाली, घरी जायचं. मी नको म्हटलं, तर बोळक्या तोंडानं माझ्यावरच चिडली. जाऊ कुठी, माझी बांधी तिथी आहे. गावानंही तिला येऊ दिलं, एका अटीवर. पुढच्या रोवण्याला धान हिरवं राहिलं तर ठीक. पुन्हा पिवळं पडलं तर या वेळी चिंचेवरून तिला जिवंत उतरवायचं नाही. हे कोणी रागात बोललं नव्हतं. सभेत ठरलं होतं.

मी पत्रक लिहिलं आणि त्याखाली शास्त्रज्ञाचं नाव पाहिजे म्हणून मन्सुरी मॅडमकडे गेले. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"करणी नाई, हे लिहिलं. बरं केलं. मग काय आहे?"

मी म्हटलं, काहीतरी रोग असेल.

"काहीतरी." त्यांनी कागद गुंडाळून टेबलावर हाणला. "पुजाऱ्यानं निदान सुपात तांदूळ तं पाह्यले. तू काय पाह्यलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या बसनं त्या गावात होतो. मॅडमनी साडी खोचली, बांधीत उतरल्या, एका पिवळ्या चट्ट्यात खुरपीनं खणून चूड, म्हणजे धानाच्या रोपांचा झुबका, काढला आणि बादलीत धुतला. वाकड्या गाठी कोणालाही दिसाव्यात अशा. एक गाठ सुईनं फोडून भिंगाखाली धरली आणि जमलेल्यांना एकेक करून पाहायला लावलं. आधी नामदेव भाऊ आला. गावातला त्यातल्या त्यात बरा शेतकरी, आणि सुकरीबाईला मारताना 'पुरे करा रे आता' एवढं तरी म्हणालेला. मग त्याचा धाकटा भाऊ देवाजी आला. दोर यानं बांधला होता. सगळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, झालं, सुटलो.

पुजारी शेवटी आला. बराच वेळ पाहून म्हणाला, "किडा आहे, बाई. मान्य. पण पाठवला कोणं?"

परतीच्या बसमध्ये मी त्या माणसाला शिव्या देत होते. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, त्याचा प्रश्न चूक नाही. किडा या बारा बांध्यांत आला कुठून, हे मलाही सांगता येत नाही. आणि ते सांगता येत नाही तोवर त्या बाईच्या गळ्यातला दोर निघत नाही. पुढच्या रोवण्याला दहा महिने होते.

सूत्रकृमी दिसायला एकमेकांसारखे. मादीच्या शेपटीकडची कातडी कापून तिच्यावरच्या रेघा पाहायच्या, अशी जुनी रीत होती. बोटांच्या ठशासारखं ते. पण एकाच जातीतल्या बहिणी आणि चुलत बहिणी त्यावरून कळत नाहीत. त्यासाठी डीएनए वाचावा लागतो. दोन कृमींच्या डीएनएचा तोच एक तुकडा घ्यायचा, त्याची अक्षरं शेजारी शेजारी मांडायची. फरक थोडे असले तर नातं जवळचं, जास्त असले तर लांबचं. त्यावरून वंशावळ काढायची. पाटील-देशमुखांची काढतात तशीच, फक्त इथं कोणी खोटं बोलत नाही.

मी त्यांना काम करताना पाहिलं आहे. काचेवर पाण्याचा थेंब, थेंबात एक कृमी, आणि मॅडमच्या हातात ब्लेड. श्वास धरून एकच घाव, मधोमध. मग ते दोन तुकडे इवल्याशा नळीत. पुन्हा पुढचा. दिवसाला साठ-सत्तर. मला ते बघवेना, इतका तो हात सराईत होता. मी तसं बोलले. त्या मान वर न करता म्हणाल्या, "नातं विचाराचं त आधी मारावं लागते. दुसरा रस्ता निघाला की सांगजो."

अक्षरं वाचायचं यंत्र चंद्रपुरात नव्हतं. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत त्यांची जुनी मैत्रीण होती. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात नळ्या, आणि बल्लारपूरहून गाडी. सुट्टी लागली की जायच्या. पण नमुने गावातून बल्लारपूरला सुखरूप आणणं हीच मोठी गोष्ट होती. त्या रस्त्यावर तेव्हा सुरुंग फुटत होते, कोणाचाही डबा संशयाचा. एकदा नाक्यावरच्या शिपायानं थर्मास उघडला, नळ्या पाहिल्या, काय समजला कोण जाणे, सगळं रस्त्यावर ओतून बुटानं चिरडलं. मॅडमनी त्याची कॉलर धरली. वर्दीची. बंदुका वर झाल्या. बसमधल्या बाया रडायला लागल्या. साहेब आला, म्हणाला, वर्दीला हात लावलात, आत टाकीन. मॅडम म्हणाल्या, टाक, पण आधी पुढच्या बसनं मला परत त्या गावात जाऊ दे, चाळीस माद्या पुन्हा काढायच्या आहेत. तीन तास बसवून सोडलं. त्या खरोखर पुढच्या बसनं परत गेल्या. पंधरा दिवसांनी दुसऱ्या बाजूच्या बंदूकवाल्यांनी त्यांच्या नकाशावरच्या खुणा पाहिल्या आणि खबरी समजून त्यांना दुपारभर मोहाच्या झाडाखाली हात बांधून बसवलं. दोन्हीकडच्यांना त्यांनी एकच सांगितलं: मुळं पाहून राह्यली, तुम्हीबी पाहा.

जानेवारीत त्या हैदराबादहून आल्या तेव्हा वहीत एक झाड काढलेलं होतं. डावीकडे एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांच्या टोकांना आकडे. कोणता आकडा कोणती बांधी, ते मला माहीत होतं. बारा बांध्यांचे आकडे एका झुपक्यात, आणि त्याच गाठीतून निघालेली शेजारची फांदी नामदेव भाऊच्या पऱ्ह्यांच्या वाफ्याची. पऱ्हे म्हणजे रोवण्याची रोपं. त्या वर्षी पावसानं ओढ दिली, गावाचे पऱ्हे वाफ्यातच जळाले. नामदेवच्या वाफ्याला बोडीचं, म्हणजे गावच्या लहान तळ्याचं, पाणी होतं म्हणून त्याचे वाचले. उरलेले पऱ्हे मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, वाळू द्यायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत. त्यानं वाटून टाकले होते.

मॅडम म्हणाल्या, थांब, अजून बोडीच्या काठच्या गवताचे नमुने लावायचे आहेत. त्याशिवाय हे झाड अर्धंच आहे. कोणाला दाखवायचं नाही.

मी थांबले नाही. मला वाटलं, उत्तर मिळालं. सुकरीबाई सुटली. म्हातारीचा जीव टांगलेला असताना ही बाई गवत तपासत बसली आहे, याचा मला संताप आला. मी पत्रक लिहिलं. मथळा आजही तोंडपाठ आहे: 'सुकरीबाई निर्दोष! रोग आला नामदेवच्या पऱ्ह्यातून!' खाली डॉ. मन्सुरींचं नाव. पाचशे प्रती. गावात मी स्वतः वाटल्या.

चौथ्या दिवशी नामदेवचे पुंजणे पेटवले. कापून रचलेलं वर्षाचं धान, तीन पुंजणे, भर सकाळी. तो विझवायला धावला. ज्यांनी पेटवले तेच तिथं उभे होते, त्याचे पऱ्हे नेलेलेच लोक. त्यानं एकाला ढकललं. दुसऱ्यानं कुऱ्हाड चालवली. आधी खांद्यावर, मग मानेवर. तो स्वतःच्या जळत्या धानावर पडला. बाजूला ओढेपर्यंत अर्धा भाजला होता. नऊ दिवस जगला. सहा जणांना अटक झाली. त्यांच्यातल्या दोघांच्या खिशात माझं पत्रक निघालं.

हे मी केलं. कुऱ्हाड माझी नव्हती, पण माणूस मी दाखवला.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बल्लारपूरला गेले. मॅडमनी दार उघडलं आणि कानाखाली मारली. माझं डोकं चौकटीवर आदळलं. मग मनगटाला धरून आत ओढलं, पाटीवर खडूनं दोन रेघा काढल्या, एका गाठीतून निघालेल्या.

"ही कोण आणि ही कोण?"

मी म्हटलं, ही हिच्यातून निघाली.

"बहिणी. एका मायच्या. मी बहीण दाखवली, तू तिले माय केली. ह्याचा त्याच्यातून आला, असं या रेघेत कुठी लिहिलं आहे, दाखव." खडू त्यांच्या मुठीत मोडला. "आन् काऊन केली, सांगू? तुलेबी एक नाव पाह्यजे होतं. त्या पुजाऱ्याले पाह्यजे तसंच."

मी रडत होते. त्यांनी पाण्याचा गडू समोर आदळला. म्हणाल्या, रडून नमुना येत नाही, उद्या बोडीवर जायचं आहे.

बोडीच्या गवताचा निकाल मे महिन्यात आला. या वेळी झाड त्यांनी मोठ्या कागदावर काढलं आणि गावात सभा मागितली. आमच्या गटातल्यांनी जाऊ नका म्हणून सांगितलं. पोलीस म्हणाले, आम्ही जबाबदारी घेत नाही. मॅडम गेल्या. मी सोबत होते. शाळेच्या व्हरांड्यात कागद टांगला. समोर शे-दीडशे माणसं. एका कोपऱ्यात नामदेवची बायको यशोदाबाई, मागे भिंतीला टेकून सुकरीबाई. पुढे देवाजी, हातात बैल हाकायची तुतारी, आणि भाऊ मेल्यापासून न केलेली दाढी.

मॅडमनी नेहमीच्याच आवाजात सांगितलं, वर्गात सांगायच्या तसं. बोडीच्या काठच्या रानगवतात या कृमींच्या सगळ्या फांद्या सापडतात. बारा बांध्यांतल्या काहींचं नातं नामदेवच्या वाफ्यापेक्षा या गवताशी जास्त जवळचं आहे. म्हणजे नामदेवच्या पऱ्ह्यातून तो सगळीकडे गेला, हे खोटं. तो बोडीत आधीपासून आहे. बोडी तुमच्या आज्याच्या आधीची. दरसाल पाण्यासोबत थोडा थोडा येतो. त्या वर्षी पाणी कमी, बांध्या कोरड्या, म्हणून त्याचं फावलं. वाफा उंचावर करा, उन्हात माती तापवा, बांधीत पाणी धरून ठेवा, कमी होईल.

पुजाऱ्यानं विचारलं, "मंग आणला कोणं?"

"कोणीच नाई."

कुजबुज झाली. कोणीतरी हसलं. मागून आवाज आला, असं कसं, आणणारा कोणी तरी राहतेच. मॅडम पुन्हा तेवढंच म्हणाल्या. मला तेव्हा कळलं की हे एकच उत्तर त्या गावाला नको होतं. भूत चाललं असतं, नामदेव चालला होता, सरकार चाललं असतं. कोणीच नाही, हे चालत नव्हतं.

देवाजी उठला. "ते राहू द्या. माह्या भावाचं नाव कागदावर कोणं लिहिलं, ते सांगा. खाली तुमचं नाव आहे. तुम्ही लिहिलं?"

"नाई."

"मंग कोणं?"

मॅडम समोर देवाजीकडेच बघत राहिल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी उघडलं नाही. पत्रकात उद्गारचिन्हं टाकणारी मी, टांगलेल्या कागदाची कड धरून उभी राहिले.

पहिली तुतारी मॅडमच्या खांद्यावर बसली. दुसरी अडवायला मॅडमनी उजवा हात वर केला आणि कोपराचं हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. त्या खाली बसल्या. तिसरी डोक्यावर. रक्त डोळ्यात उतरलं. "नाव सांगा," देवाजी म्हणत होता, ओरडत नव्हता, नुसता म्हणत होता. मॅडमनी डाव्या हातानं पदर डोक्याला दाबला आणि मान हलवली. नाही. बाकीचेही उठायला लागले. कोणाच्या तरी हातात वीट होती.

तेवढ्यात यशोदाबाई मध्ये आली. ती ओरडली नाही, रडली नाही. देवाजीच्या हातातली तुतारी धरून राहिली.

"माह्या माणसाचं नाव घेतलं त एका दमात ऐकलं तुम्ही. ही बाई नाव नाई घेत त मारून राह्यले. कोणतं पाह्यजे तुमाले? माहं घ्या. घ्या माहं नाव."

वीट खाली गेली. आम्ही मॅडमला बैलगाडीत घातलं. वाटेत बेशुद्ध व्हायच्या आधी त्यांनी विचारलं, झाडाचा कागद कोणी उतरवला का. मी उतरवला होता. तिसऱ्या फांदीवर रक्त होतं.

आठवड्यानं मी एकटी देवाजीकडे गेले. अंगणात तो दोर वळत होता. मी म्हटलं, पत्रक मी लिहिलं होतं. त्यानं दोर वळणं थांबवलं नाही.

"माहीत होतं मले," तो म्हणाला. "वाटताना पाह्यलं होतं तुले. बाई सांगते का, तेवढं पाहून राह्यलो होतो."

मग मान वर करून म्हणाला, जा.

हाड नीट जुळलं नाही. उजवा हात कोपरात सरळ होत नव्हता, मुठीत जोर राहिला नाही. ब्लेडचं काम संपलं. त्याबद्दल त्यांनी एकदाही तोंड वाजवलं नाही. तक्रार द्या म्हणून मी मागे लागले, तर म्हणाल्या, आता तुझं ते नाव शोधायचं बंद कर. जुलैत रोवणा सुरू झाला तशी कॉलेजात रजा टाकली आणि त्याच गावात सुकरीबाईच्या शेजारची पडवी घेऊन राहिल्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, धानावर लक्ष ठेवायला आली. त्या कोणावर लक्ष ठेवायला आल्या होत्या ते गावाला कळत होतं. पिवळं पडायचंच होतं, थोडं का होईना. त्यांनीच तसं सांगितलं होतं. सुकरीबाईचं काय व्हायचं ते त्या दिवशी व्हायचं होतं.

त्या दीड महिन्यात त्या कशा राहिल्या, ते यशोदाबाईनं मला सांगितलं. सकाळी डाव्या हातानं चूल पेटवायच्या आणि धुरात पेटलेल्या लाकडाला हिंदीत शिव्या द्यायच्या. सुकरीबाई त्यांना बिनदाताचं हसायची. सुकरीबाईला गावात कोणी रोवण्याला बोलावलं नाही, यशोदाबाई सोडून. एकदा पुजारी दारावरून जाताना मुद्दाम खाकरला, तर मॅडमनी त्याला बोलावून चहा दिला आणि वरून म्हणाल्या, "पी, यात किडे नाई." तो प्यायला म्हणतात. मला खरं वाटत नाही.

ऑगस्टच्या शेवटी मी गेले होते. सकाळी आठ-साडेआठची वेळ. मी सुकरीबाईच्या घरात चहा घेत होते आणि बाहेर पावलांचा आवाज आला. एक नव्हे, बरीच. सुकरीबाईनं हातातली बशी खाली ठेवली, उठून दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसली. तोंड पदरानं बंद केलं, उरलेले दात झाकल्यासारखं. मी खिडकीच्या गजाशी गेले.

आठ-दहा माणसं होती. पुढे देवाजी, खांद्यावर कुऱ्हाड. शेजारच्या पडवीतून मॅडम बाहेर आल्या. पाठमोऱ्याच दिसत होत्या, खांदा एका बाजूला उतरलेला, वाकडा हात पोटाशी. त्या दार अडवून उभ्या राहिल्या नाहीत. सरळ देवाजीच्या समोर गेल्या.

"पडलं?" त्यांनी विचारलं.

"दोन बांध्यांत," देवाजी म्हणाला.

"कोणाच्या?"

त्यानं खांद्यावरची कुऱ्हाड सारखी केली. "एक माही."

मॅडमनी पडवीतून खुरपी आणि बादली घेतली, डाव्या हातात दोन्ही मावेनात, तर बादली त्याच्या हातात दिली. त्यानं ती घेतली. कुऱ्हाड खांद्यावरच होती. ते सगळे धुऱ्यावरून त्याच्या बांधीकडे निघाले. बांधी सुकरीबाईच्या खिडकीतून दिसते, चिंचेच्या पलीकडे. मॅडम चिखलात उतरल्या आणि डाव्या हातानं खणायला लागल्या. जमेना. तिसऱ्या खेपेला खुरपी हातातून सुटली. माणसं धुऱ्यावर उभी राहून पाहत होती. कोणी हललं नाही. मग देवाजीनं कुऱ्हाड धुऱ्यावर ठेवली, धोतर खोचून खाली उतरला आणि चूड मातीसकट काढून बादलीत धुवायला बसला. मॅडम काहीतरी म्हणाल्या, त्यानं हाताचा जोर कमी केला. दोघांची डोकी बादलीवर वाकली होती.

"आले का?" सुकरीबाईनं विचारलं. आवाज पदराच्या आतून.

"नाही."

"मंग काय करून राह्यले?"

"मुळं धुऊन राह्यले."

सुकरीबाईनं तोंडावरचा पदर काढला. मग उठली, कडी काढली आणि दाराची एक फळी उघडली. एकच. त्या फटीतून तिनं बांधीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, त्या बाईचा पदर चिखलात चालला, जाऊन सांग.